लदेणीची वाट आणि तांड्याचा संसार : प्रस्तावना

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ, कापूस यांसारखा माल लादून तो एका मुलखातून दुसऱ्या मुलखात पोचवण्याचा धंदा, आणि हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या बंजारा समाजाच्या फिरत्या वस्तीला तांडा हे नाव होते. आज नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत तांडा म्हटले की गावाच्या शिवेवरची, बहुधा माळावरची किंवा डोंगरउतारावरची, जिल्हा परिषदेची शाळा आणि संत सेवालाल महाराजांचे मंदिर असलेली स्थिर वस्ती डोळ्यांसमोर येते. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच शब्दाचा अर्थ नेमका उलट होता, म्हणजे जो एका जागी थांबत नाही तो तांडा. हा शब्द चालता चालता कसा थांबला आणि त्याच्याबरोबर त्यातला संसार कसा थांबला, हा या पुस्तकाचा विषय आहे.

लदेणीवर आजवर जे लिहिले गेले ते मुख्यतः दोन अंगांनी लिहिले गेले. एक अंग सैन्याचे : मोगलांच्या, मराठ्यांच्या, निजामाच्या आणि इंग्रजांच्या फौजांना रसद कोणी पुरवली, हा प्रश्न विचारला की बंजाऱ्यांचे नाव येते. दुसरे अंग पोलिसांचे, त्याचा विचार पुढे केला आहे. या दोन्ही अंगांनी पाहिले असता तांड्यातला बैल दिसतो, नायक दिसतो, क्वचित तलवारही दिसते. मात्र त्या बैलांच्या मागून चालणारी बाई, तिच्या कडेवरचे मूल आणि बैलावर बसवलेला म्हातारा सासरा हे तळटिपेतच राहतात. वास्तविक लदेणीचे खरे वैशिष्ट्य त्यांच्यातच आहे, आणि ते नीट कळण्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या, पण अगदी वेगळ्या मुलखातल्या दुसऱ्या एका भटक्या धंद्याशी तुलना करणे उपयोगाचे ठरते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील नॅन्टकेट बेट आणि न्यू बेडफर्ड बंदर येथून देवमाशांच्या शिकारीसाठी जहाजे निघत. देवमाशाच्या चरबीपासून काढलेले तेल दिव्यांत जाळले जाई आणि यंत्रांना वंगण म्हणून वापरले जाई. एक फेरी तीन-चार वर्षांची असे. खलाशाला पगार नसे, मिळालेल्या तेलात ठरलेला वाटा असे. कप्तानाचा वाटा मोठा आणि नवशिक्याचा दोनशे हिश्श्यांत एखादा. घरी राहिलेली बायको नवऱ्याच्या भावी वाट्यावर जहाजमालकाच्या कचेरीतून उचल घेऊन संसार रेटी, दुकान चालवी, मुले वाढवी, आणि नवरा परतला तेव्हा हिशेबाअंती त्याच्या हाती फार काही उरत नसे. काही कप्तान बायकामुलांना जहाजावर बरोबर नेत, मेरी चिपमन लॉरेन्स या कप्तानपत्नीने १८५६ ते १८६० या काळातल्या अशा प्रवासाची रोजनिशीही लिहून ठेवली आहे. पण हा अधिकार कप्तानाचा, साध्या खलाशाचा नव्हे. हर्मन मेल्व्हिल याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मोबी डिक’ या कादंबरीत देवमाशाच्या जहाजावर एक पारशी आणि एक हिंदी लष्कर, म्हणजे आपल्याकडचा खलाशी, अशी पात्रे आहेत. परंतु त्यांच्याही घरादाराविषयी कादंबरी काही सांगत नाही. थोडक्यात, त्या धंद्यात घर एका ठिकाणी आणि कमाई दुसऱ्या ठिकाणी, अशी फाळणी होती.

लदेणीत ही फाळणी नव्हती. तांड्यात मागे राहिलेले घर नसे, कारण घरच चालत असे. जहाज, त्यावरचे खलाशी आणि किनाऱ्यावर वाट पाहणारी माणसे या तिन्ही गोष्टी येथे एकच होत्या. त्यामुळे धंदा बुडाला तेव्हा नॅन्टकेटच्या खलाशाची नोकरी गेली, बंजारा कुटुंबाचे मात्र घरच गेले. या पुस्तकाचे प्रतिपादन याच एका फरकाभोवती उभे आहे.

पुढे जाण्यापूर्वी काही संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. बंजारा किंवा बणजारा हा शब्द वणिज, म्हणजे व्यापार, या शब्दाशी जोडला जातो. लमाण हे मराठवाड्यात रूढ असलेले नाव लवण, म्हणजे मीठ, या शब्दापासून आले असे मानले जाते. तेलंगणाच्या बाजूला त्यांनाच लंबाडी म्हणतात. समाज स्वतःला मात्र गोर म्हणवतो आणि आपल्या बोलीला गोरबोली म्हणतो. जो गोर नाही तो कोर. मराठवाड्यात वंजारी नावाचा जो समाज आहे तो यांच्याहून वेगळा आहे. नावांच्या साम्यामुळे जुन्या इंग्रजी कागदपत्रांत या दोघांची सरमिसळ वारंवार झालेली आढळते आणि ती तशीच उचलल्यामुळे पुढच्या लेखनातही बराच गोंधळ माजला. तांड्याचा प्रमुख तो नायक, त्याचा हात धरणारा कारभारी, आणि भांडणतंटे मिटवणारी तांड्याची पंचायत ती नसाब. राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे ही आज आडनावे म्हणून ओळखली जाणारी नावे म्हणजे मुळात गोत किंवा त्यांच्या शाखा होत, आणि लग्न गोरांमध्येच पण गोताबाहेर, हा नियम वाटेवरच्या जीवनातही कसोशीने पाळला जाई.

तांड्याचे सर्वांत तपशीलवार जुने वर्णन दख्खनमधले नाही, उत्तरेतले आहे. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याला जात असताना त्याला धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. त्याने जे टिपले त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत : एक, असा तांडा दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नाही, आणि दुसरी, त्यात अनेक कुटुंबे बायकामुलांसह असतात, त्यांची संख्या सहा-सातशे भरते. या दोन आकड्यांतच लदेणीचे अर्थशास्त्र दडलेले आहे. एका माणसामागे वीसहून अधिक बैल येतात, म्हणजे लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला काही ना काही काम असल्याखेरीज असा तांडा हलणेच शक्य नव्हते. आणि चाल इतकी मंद ठेवली जाई ती आळसामुळे नव्हे, तर बैलांना वाटेत चरता यावे म्हणून. चारा विकत घ्यावा लागला असता तर धान्यासारखा अवजड आणि स्वस्त माल शेकडो मैल नेणे कोणालाच परवडले नसते. गायरान, माळ आणि जंगल यांवर फुकट चरणारा बैल हेच लदेणीचे भांडवल होते.

नांदेड-लातूरचा परिसर या धंद्याला दोन्ही बाजूंनी सोयीचा होता. गोदावरीचे खोरे आणि बालाघाटाचे पठार यांत ज्वारी, कडधान्ये आणि कापूस पिके, तर उत्तरेला किनवट-माहूरची जंगले पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी होती. इथल्या बैलांचीही ख्याती मोठी : कंधार भागातील लाल कंधारी आणि देवणी भागातील देवणी या दोन जाती आजही देशी गोवंशात नावाजलेल्या आहेत, आणि लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा व उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीचा बाजार येथे जनावरांची मोठी उलाढाल होते. या परिसरात समुद्र नाही. परंतु कोकणच्या मिठागरांतले मीठ घाट चढून आतल्या मुलखात येई ते बैलाच्या पाठीवरूनच, आणि परतीच्या वाटेवर त्याच गोण्यांत धान्य भरले जाई. रिकाम्या गोणीने परतणे म्हणजे अर्धी फेरी फुकट, हे ज्याला कळत नसे तो नायक फार काळ नायक राहत नसे.

गोणी या वस्तूकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण तांड्यातल्या बाईचे श्रम तिच्यातच विणलेले आहेत. बैलाच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना सारखी लोंबणारी ही दुहेरी पिशवी जाड सुतळीची असे. वजन दोन्हीकडे समतोल नसेल तर बैलाची पाठ सोलवटते, आणि पाठ सोलवटलेला बैल म्हणजे वाटेतच सांडलेला माल. ती शिवणे, फाटली की त्याच रात्री सांधणे, कडांना कवड्या आणि रंगीत दोरा लावणे हे काम बायकांचे असे. इंग्रजीत पोत्याला गनी बॅग म्हणतात तो शब्द याच गोणीवरून गेला, हे कोशकारांनी नोंदवले आहे. ती शिवणाऱ्या हातांची नोंद मात्र कोणत्याही कोशात सापडत नाही. पहाटे बैल लादणे, मुक्कामी ओझी उतरवून त्यांची रास रचणे, त्या राशीच्या आडोशाला चूल मांडणे, पाणी शोधणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सारे उचलणे हे चक्र स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने चालवीत. तांड्याच्या अग्रभागी कवड्या, घुंगरे आणि मोरपिसांनी सजवलेला, देवाला सोडलेला आणि म्हणून पाठीवर कधीच ओझे न घेणारा बैल चाले. तांड्यातला बिनकामाचा मान त्या एकट्यालाच होता, असे म्हणायला हरकत नाही.

पावसाळ्याचे चार महिने तांडा थांबे, आणि कुटुंब म्हणून जे काही करायचे ते याच महिन्यांत करावे लागे. वाटा चिखलाने बंद, नद्यांना पूर, आणि चारा मुबलक, अशा या दिवसांत निरनिराळे तांडे जवळजवळ उतरत, सोयरिकी जुळवायला सवड मिळे, नसाब बसून वर्षभराचे तंटे निकालात काढी. श्रावणातला तीज हा कुमारिकांचा सण याच मुक्कामातला : टोपलीत गहू पेरून त्याचे अंकुर वाढवायचे, रोज पाणी घालून गाणी म्हणायची आणि शेवटी ते पाण्यात सोडायचे. ज्या समाजाकडे स्वतःचे शेत नव्हते त्याने पेरणीचा सण टोपलीत बसवला, याकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. लग्न होऊन सासरच्या तांड्यात जाणारी मुलगी ढावलो म्हणते. ढावलो म्हणजे माहेर सुटताना गळ्यात पडून रडत गायचे गाणे. गावातल्या मुलीला माहेर निदान कुठे आहे ते ठाऊक असते. तांड्यातल्या मुलीचे माहेर पुढच्या वर्षी कोणत्या वाटेवर असेल हे तिलाही माहीत नसे, आणि हे लक्षात घेतले की ढावलोतला आकांत हा केवळ रीतीचा भाग नव्हता, हे कळते.

लष्करी इतिहासाचा भाग येथे थोडक्यात आटोपता येतो, कारण तो अन्यत्र भरपूर आला आहे. शहाजहानच्या काळातल्या दख्खन मोहिमेत जंगी आणि भंगी या नायकांना आसफखानाकडून ताम्रपट मिळाल्याची परंपरा बंजाऱ्यांत सर्वत्र सांगितली जाते. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईपर्यंत पोचलेल्या आर्थर वेलस्लीच्या फौजेची रसद मोठ्या प्रमाणावर बंजाऱ्यांवर अवलंबून होती. नांदेडच्या वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा शीख परंपरेतही आहे : १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाल्यावर लखीशाह बंजारा याने त्यांचे धड आपल्या घरी नेले आणि घरालाच आग लावून अंत्यसंस्कार केले, असे ती परंपरा सांगते, त्याच गुरूंचे पुत्र गुरू गोविंदसिंग यांचा देहान्त १७०८ मध्ये नांदेडला झाला.

लदेणी बुडाली ती एका दिवसात नव्हे आणि एका कारणाने तर मुळीच नव्हे. रेल्वेमुळे बंजारे उघड्यावर आले, हे वाक्य शालेय पुस्तकांपासून प्रबंधांपर्यंत सगळीकडे आढळते आणि ते खोटे नाही, पण अपुरे आहे. रेल्वेच्या आधी पक्के रस्ते आले, आणि पक्क्या रस्त्यावर पाठीवर ओझे वाहणाऱ्या अनेक बैलांचे काम गाडीला जुंपलेली एक जोडी करू लागली. लादलेल्या बैलाचे बलस्थान हेच की तो रस्ता नसलेल्या ठिकाणीही जातो. रस्ता झाला की ते बलस्थान संपते. त्यानंतर लोहमार्ग आले : १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी वऱ्हाडातून नागपूरला पोचली, १८७४ मध्ये वाडी-सिकंदराबाद मार्ग सुरू झाला, हैदराबाद-मनमाड हा गोदावरी खोऱ्यातला मार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेला, आणि १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला येऊन टेकली. लातूरची पेठ भरभराटीला आली ती या छोट्या गाडीच्या जोरावर. गंजगोलाईची प्रसिद्ध बाजारपेठ त्यानंतरची आहे, म्हणजे तांड्याची गरज सरल्यानंतरची.

परंतु रेल्वेपासून दूरच्या गावांना माल पोचवण्याचे काम तरीही उरले होते, आणि ते काम बैलांच्या हातून गेले ते चाऱ्यामुळे. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली, निजामाच्या राज्यातही वनखाते उभे राहिले, कापसाच्या तेजीत माळ नांगराखाली गेले, आणि जो बैल फुकट चरत होता त्याच्या प्रत्येक घासाला किंमत किंवा दंड पडू लागला. त्यावर १८७६-७८ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ कोसळले. शेतकऱ्याची गुरे मेली तरी जमीन उरते; तांड्याचे बैल मेले की भांडवल, वाहन आणि घर तिन्ही एकदम जात. देवमाशाच्या धंद्याचाही अंत याच अर्धशतकातला आहे : १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि रॉकेलने देवमाशाचे तेल दिव्यांतून हुसकावले. ज्या रॉकेलने तिकडच्या खलाशाला किनाऱ्यावर आणले, त्याच रॉकेलचे डबे इकडे आगगाडीने येऊ लागले.

वाहतूक गेल्यावर उरलेल्या माणसांकडे राज्यकर्त्यांनी कसे पाहिले, याचा पुरावा अभ्याससाधनांतच आहे. वऱ्हाडातील बंजाऱ्यांवरचे एक महत्त्वाचे इंग्रजी टिपण १८८२ मध्ये कंबरलेज या पोलीस अधिकाऱ्याने लिहिले. माहितीच्या दृष्टीने ते मोलाचे आहे. पण ज्याला लोकांच्या हालचालींवर नजर ठेवायची आहे त्याने लिहिलेला हा समाजाचा परिचय आहे, हे वाचताना विसरता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांच्या काही गटांवरही पडली, आणि ती कायद्याने १९५२ मध्ये दूर झाली. देवमासे मारणाऱ्या जहाजांची हजारो लॉगबुके, म्हणजे दैनंदिन नोंदवह्या, आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत जपलेली आहेत. तांड्याचे लॉगबुक कोणी लिहिले नाही. ते ढाडी या वंशगायकांच्या तोंडी होते, आणि म्हणूनच किनवट तालुक्यातील मांडवी येथील बळीराम हिरामण पाटील यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बंजारा समाजाच्या मराठी इतिहासाचे महत्त्व फार मोठे आहे. त्यातील काही व्युत्पत्ती आणि वंशसंबंध आज ग्राह्य वाटणार नाहीत. तरी पोलिसाच्या टिपणानंतर अर्धशतकाने समाजातल्याच एका माणसाने, आजच्या नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात बसून, आपल्या लोकांचा इतिहास मराठीत लिहावा ही घटना त्या पुस्तकातल्या कोणत्याही विधानापेक्षा मोठी आहे. आत्माराम कनीराम राठोड यांच्या ‘तांडा’ या आत्मकथनाने पुढे त्याच वाटेवरचे अधिक आतले दर्शन घडवले.

थांबलेल्या तांड्याला पुढे सीमा आडव्या आल्या. १९५६ पर्यंत हा सारा परिसर हैदराबाद संस्थानाच्या आणि नंतर राज्याच्या एकाच नकाशात होता; उदगीर, अहमदपूर आणि निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. भाषावार पुनर्रचनेनंतर एकाच गोताची घरे तीन राज्यांत विभागली गेली. आज तेलंगणातील लंबाडी अनुसूचित जमातीत, कर्नाटकातील बंजारा अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रातील बंजारा विमुक्त जातीत मोडतो. देगलूर किंवा किनवटच्या तांड्यातील बाईचा भाऊ पलीकडच्या तांड्यात असेल तर बहीण-भावांच्या मुलांना मिळणारे दाखले वेगळे, सवलती वेगळ्या. शेजारच्या पुसद तालुक्यातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे सलग महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे या समाजाच्या अभिमानाचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. तरी त्या अभिमानाच्या उजेडात माळावरच्या तांड्याचे कोरडवाहू शेत काही ओले झालेले दिसत नाही.

म्हणूनच हे पुस्तक एकोणिसाव्या शतकापाशी थांबत नाही. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतल्या अनेक तांड्यांतून दसरा-दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती घामाने फेडायची असते, आणि मजुरीचे एकक एक माणूस नसते तर कोयता असते, म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. म्हातारी माणसे मागे राहतात, मुले त्यांच्यापाशी किंवा हंगामी वसतिगृहात, नाहीतर फडावर. लदेणीत संसार चालत होता तेव्हा बैल स्वतःचे होते आणि घर अख्खे बरोबर होते. आताच्या वाटेवर बैल असले तर बहुधा उचलीचे असतात, आणि घर मधोमध तुटलेले असते. नॅन्टकेटच्या बायकोची कचेरीतली उचल आणि मागे राहिलेली मुले इथे शंभर-दीडशे वर्षांनी, उसाच्या फडाच्या वाटेने, तांड्यात पोचली आहेत.

वाचकांना एक विनंती. ज्यांच्या घरी जुनी गोणी, कवड्यांचे काम, चुडे किंवा घुगऱ्यांसारखे दागिने असतील त्यांनी त्या वस्तू मोडीत घालण्यापूर्वी कोणाच्या, कोणत्या तांड्यातल्या आणि कोणाच्या हातच्या, एवढे तरी लिहून ठेवावे. आणि ज्यांच्या घरी ढावलो म्हणणारी आजी आहे त्यांनी तो तिच्याच तोंडून, तिच्याच बोलीत, या पावसाळ्यात उतरवून घ्यावा. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, देवनागरी चालेल.